डासांनी सांगितलेली पानं तुम्ही वाचलीत का? ('द ओल्ड ड्रिफ्ट')

काचपट्टी

नमस्कार. लिहिणं थोडं लांबेल, पण प्रश्न मनापासून विचारतेय.

नागपुरात आमचा आठ बायकांचा वाचनगट आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकीच्या घरी जमतो, एक पुस्तक दोन बैठकांत वाचून काढतो. सध्या नामवाली सर्पेल या झांबियन लेखिकेची 'द ओल्ड ड्रिफ्ट' ही २०१९ मध्ये आलेली इंग्रजी कादंबरी वाचतोय. तीन घराण्यांची तीन पिढ्यांची गोष्ट आहे. एक घर इटलीहून आलेलं, एक इंग्लंडचं, एक तिथलंच. आधी आज्या, मग आया, मग नातवंडं. झांबेझी नदीकाठच्या गोऱ्यांच्या वस्तीपासून सुरू होते आणि पुस्तक आलं त्याच्याही पुढच्या काळात जाऊन थांबते. सगळ्या अंगावर केस वाढणारी सिबिला आहे, टेनिस खेळता खेळता दृष्टी गेलेली अ‍ॅग्नेस आहे, आणि एकदा रडू लागली ती थांबलीच नाही अशी माथा आहे.

आणि मधूनमधून डास बोलतात. एक डास नाही, अख्खा थवा, 'आम्ही' म्हणून. माणसांचं चाललेलं थांबवतात, मागचं-पुढचं सांगतात, टोमणे मारतात आणि परत जातात.

पहिल्या बैठकीत कळलं की आठपैकी पाच जणींनी ही पानं गाळलीत. एक म्हणाली, "गोष्ट रंगलेली असते आणि हे मध्येच कानाशी येऊन गुणगुणतात." ते एक वेळ समजलं. पण दुसरी म्हणाली, "ज्यानं एवढी माणसं मारली, त्याच्या तोंडी गोष्ट द्यायचीच कशाला?" त्यावर मला बोलता आलं नाही. घरी आले, जेवण गेलं नाही.

कारण सांगते. मी गडचिरोली जिल्ह्यात ३१ वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. काम एकच. गावागावांतून आलेले रक्तनमुने रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे. जाड थेंबात १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय 'नाही' लिहायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. फाल्सिपेरम या हिवतापाच्या घातक जंतूच्या बारीक रिंगा, आणि नंतर दिसणारी चंद्रकोरीसारखी रूपं. बीजेची कोर बघितली तरी मला आधी काचपट्टी आठवते.

एका ऑगस्टमध्ये पर्लकोटेला पूर आला. भामरागडच्या पुलावरून पाणी, रस्ता बंद. पूर ओसरल्यावर काचपट्ट्यांचं पुडकं आलं ते नऊ दिवसांचं जुनं. त्यात एक पट्टी चार वर्षांच्या मुलीची होती. एकेका पेशीत दोन-दोन रिंगा. मी तांबड्या शाईनं लिहायला लागले, तर पुडकं घेऊन आलेला आरोग्यसेवक म्हणाला, "मॅडम, ते नाव राहू द्या. पोर गेली, चार दिवस झाले." मी नोंद केली. नियम होताच, आणि रजिस्टरात तरी तिचं नाव राहावं असं वाटलं.

म्हणजे मैत्रिणीचा प्रश्न माझाच आहे. तरीही मी ती पानं गाळली नाहीत. उलट दोनदा वाचली. त्याचंही कारण सांगते, आणि ते मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही.

डासाची मादीच चावते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चावणारी प्रत्येक मादी हिवताप पसरवत नाही. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर जंतू तिच्या पोटात वाढतो, तिथून लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतो. आपल्याकडच्या पावसाळी उबेत याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. बहुतेक माद्या तेवढं जगतच नाहीत. कुणाला पाली खातात, कुणी भिंतीवरच्या फवारणीनं मरतात, कुणी नुसत्याच. जी उरते ती ताप एका घरातून दुसऱ्या घरात नेते. म्हणजे ती डासांच्या वयानं म्हातारी असते. आमच्याकडचे एक जुने कीटक समाहारक (पहाटे गोठ्यात विजेरी आणि तोंडानं ओढायची काचेची नळी घेऊन डास पकडणारे) अशा मादीला 'म्हातारी'च म्हणायचे. तिचं पोट फाडून बघताना आवाज खाली यायचा त्यांचा.

आता बघा, कादंबरीचा पहिला भाग आज्यांचा आहे. आणि सांगणारी कोण? दुसऱ्याचं रक्त पोटात घेऊन, ते पिकेपर्यंत जगलेली म्हातारी. मला तर वाटतं, लेखिकेनं निवेदक फार नेमका निवडलाय.

पण मग ती चार वर्षांची मुलगी समोर येते आणि मला या आवाजाचा राग येतो. इतका मजेत कसा बोलू शकतो हा थवा?

पुढच्या शनिवारी ही पानं मी मोठ्यानं वाचून दाखवायची असं ठरलंय. कुणी वाचली असतील तर सांगा, तुम्ही ती कशी वाचलीत? त्या 'आम्ही'वर विश्वास ठेवलात का? शेवट फोडणार असाल तर आधी सूचना द्या, आमच्यातल्या दोघी हे पान वाचतात.

बाभूळबन

ताई, तुमचं लिहिणं वाचून पुस्तक पुन्हा कपाटातून काढलं, पण माझं मत सांगतो. मी २०० पानांच्या आसपास सोडलं होतं आणि ते डासांमुळेच.

माथाची गोष्ट घ्या. झांबियाचं अंतराळवीर व्हायचं म्हणून निघालेली मुलगी. तिच्या वाट्याला आलेलं सगळं मी श्वास धरून वाचलं. आणि त्यानंतर हे डास येऊन मोठमोठे शब्द टाकतात, कोट्या करतात. मला तो माणसाच्या दुःखाचा अपमान वाटला. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. तुमच्या त्या आरोग्यसेवकानं एका वाक्यात जे सांगितलं, तेवढं कुठल्याही कीटकाला सांगता येणार नाही. माणसाची गोष्ट माणसानंच सांगावी.

काचपट्टी

बाभूळबन, तुमचा राग मला कळतो, माझ्यातही तो आहेच. पण एक गोष्ट पाहा. आमच्या भागातला मुख्य डास, अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस, फार तर दोन-तीन किलोमीटर उडतो. एकट्या डासाला एक पाडा नि त्याच्या शेजारचा पाडा एवढंच जग. शंभर वर्षांची, तीन देशांतून येणारी गोष्ट एका डासाला कळणारच नाही. एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला असंच ते चालणार. त्यामुळे 'आम्ही' हा शब्द मला खोटा वाटत नाही. आमच्याही कामात कुणा एकट्याला पूर्ण चित्र दिसायचं नाही. रक्त घेणारा वेगळा, पुडकं आणणारा वेगळा, पट्टी बघणारी मी, गोळ्या देणारा आणखी वेगळा. त्या मुलीची गोष्ट आमच्यापैकी एकालाही सबंध माहीत नव्हती.

पुन्हा वाचणार असाल तर सुरुवातीचे डास सोडा हवं तर, पण अ‍ॅग्नेसनंतरचे वाचा.

झांबेझीकाठ

मी झांबियात तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात सहा वर्षं नोकरीला होतो. पुस्तक तिथून परत आल्यावर वाचलं. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, अंतराळाची. ती कल्पित नाही. एडवर्ड माकुका न्कोलोसो हे शाळामास्तर आणि स्वातंत्र्यसैनिक. देश १९६४ मध्ये स्वतंत्र झाला त्याच सुमारास त्यांनी लुसाकाबाहेर तरुण पोरांना अंतराळवीर म्हणून तयार करायला घेतलं होतं. तेलाच्या रिकाम्या पिंपात बसवून उतारावरून सोडायचे, झोक्यावर उंच नेऊन दोर कापायचे, म्हणजे वजन नसल्याचा अनुभव यावा म्हणून. माथा म्वाम्बा ही खरोखरची सतरा वर्षांची मुलगी होती. परदेशी वार्ताहर हसून गेले. माझ्या तिथल्या वयस्कर सहकाऱ्यांपैकी कुणीही न्कोलोसोंचं नाव हसत घेत नव्हतं.

दुसरी, करिबाची. कादंबरीत इटालियन माणसं येतात ती या धरणाच्या कामावर. १९५५ ते १९५९ या काळात झांबेझी अडवली. १९५७ आणि १९५८ असे लागोपाठ दोन महापूर आले, बांधलेलं वाहून गेलं. ८६ कामगार मेले. ग्वेम्बे खोऱ्यातल्या टोंगा लोकांना मात्र आश्चर्य वाटलं नाही. नदीत न्यामी न्यामी नावाचा सर्पदेव राहतो, भिंतीनं त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट होणार, मग तो रागावणारच, असं ते सांगत. सुमारे ५७,००० टोंगा उठवले गेले, कमी पाण्याच्या माळावर नेऊन बसवले. जे उठेनात त्यांच्यावर १९५८ मध्ये गोळीबार झाला, त्यात आठ जण गेले.

मी मूळचा पाटणचा. कोयनेच्या पाण्याखाली आजोळ गेलेली माणसं आमच्या घरात आहेत. करिबाचा तलाव भरल्यावर १९६३ मध्ये तिथं भूकंपाचे धक्के बसले. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. धरणाच्या पाण्यानं जमीन हलते का, या विषयावरच्या लेखांत ही दोन नावं शेजारी-शेजारी असतात. करिबाच्या भिंतीवर उभा राहिलो तेव्हा मला आईची आई आठवली. पूर्वीच्या उंबऱ्याची माती तिनं कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती.

आता डासांबद्दल. ताई, तुम्हाला थवा मजेत बोलतो म्हणून राग येतो. मला तिथं राहून असं वाटलं की त्या देशाची गोष्ट आधी मिशनऱ्यांनी सांगितली, मग ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीनं, मग सरकारनं, आणि सगळ्यांनी फार गंभीर चेहऱ्यानं सांगितली. धरणाच्या उद्घाटनाचं भाषणही गंभीरच असणार. त्यापुढे हा चेष्टेखोर आवाज मला जास्त प्रामाणिक वाटला. 'मी तुझ्या भल्यासाठी आलोय' असं डास कधीच म्हणत नाही.

शरणपूररोड

तिथल्या मिशनऱ्यांचा विषय निघालाच आहे तर नाशिकचा एक धागा सांगते. आमच्या गावात राहून हे फार थोड्यांना माहीत असतं.

डास आपली गोष्ट डॉ. लिव्हिंगस्टनपासून सुरू करतात. नाईलचा उगम शोधायला निघालेला हा स्कॉटिश डॉक्टर १८७३ मध्ये आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारला. ताप आणि रक्ताची हगवण. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं, देह वाळवला आणि हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत नेला. चुमा आणि सुसी ही त्यांच्यातल्या म्होरक्यांची नावं पुस्तकांत सापडतात. पण हृदय पुरताना प्रार्थना कुणी वाचली? झाडावर अक्षरं कुणी कोरली? जेकब वेनराइटनं. गुलामांच्या गलबतावरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इंग्रज नाशिकला शरणपूरच्या मिशन शाळेत ठेवत, तिथं जेकब शिकला होता. पुढे शवपेटीबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत खांदा देणाऱ्यांत होता.

त्याला नाशकात ताप आला असेल का, इथल्या डासांनी त्याचं रक्त प्यायलं असेल का, असं मी पुस्तक वाचताना दहादा मनात आणलं. गोदेच्या काठचा डास आणि झांबेझीच्या काठचा डास एकाच माणसाच्या रक्तानं जोडले जाणं अशक्य नव्हतं. ताई, तुमचं ते म्हातारीचं वाचलं आणि अंगावर काटा आला.

डासांना मी विश्वासू मानलं ते यासाठी. लिव्हिंगस्टनचं रक्त आणि जेकबचं रक्त यांत त्यांना फरक करता येत नाही. अ‍ॅबीतल्या दगडाला करता येतो.

काचपट्टी

शरणपूररोड, हे मला अजिबात माहीत नव्हतं. वहीत उतरवून घेतलं.

तुम्ही जेकबचं सांगितलंत तर मी हुसेन खानाचं सांगते. आमच्या खात्यात २० ऑगस्टला डास दिन पाळतात. १८९७ मध्ये त्या दिवशी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल मिळालं. ते डास ज्याच्या अंगावर सोडले होते, त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. रक्त प्यायलेल्या दर डासामागे एक आणा असं ठरलं होतं, त्याला आठ आणे मिळाले.

दरवर्षीच्या भाषणात मी रॉसबरोबर त्याचंही नाव घ्यायचे. एका वर्षी एका वरिष्ठांनी विचारलं, हे नाव कशाला? मी म्हटलं, सर, रक्त त्याचं होतं.

तुमचं वाचल्यावर आता असं वाटतंय की शोधाची ती गोष्ट डासांनी सांगितली असती तर हुसेन खानापासूनच सुरू झाली असती. त्यांना दुसरं कुणी ठाऊकच नव्हतं.

अनुस्वार

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. कादंबरी इंग्रजीत वाचली, पण शीर्षक मराठीत कसं आणायचं यावर अडून बसले होते, ते इथं मांडते.

'ड्रिफ्ट' म्हणजे वाहत जाणं, भरकटणं, हे झालंच. पण दक्षिण आफ्रिकेकडच्या इंग्रजीत ड्रिफ्ट म्हणजे नदी ओलांडायची जागा. व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरच्या अंगाला झांबेझी जिथून पार करत, तिथल्या वस्तीचं ते नाव. हिवतापानं आणि काळ्या लघवीच्या तापानं माणसं इतकी मेली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वस्ती उचलून उंचावर, लिव्हिंगस्टन गावात नेली. मागे दफनभूमी राहिली. आता आपल्याकडे नदी पायी ओलांडायच्या जागेला काय म्हणतात? उतार. 'नदीला उतार आहे का?' असंच विचारतात खेड्यात. आणि आजार कमी झाला की 'उतार पडला'. ज्या जागी तापाला उतार पडला नाही, त्या जागेचं नाव जुना उतार. मला याहून चांगलं सुचलेलं नाही.

निवेदनाबद्दल बोलायचं तर आपल्याकडे कीटक पुष्कळ आहेत. मुक्ताबाईची सूर्य गिळणारी मुंगी आहे, नाथांच्या भारुडातला विंचू आहे. पण मुंगी म्हणजे आत्मज्ञान, विंचू म्हणजे कामक्रोध. तिथं कीटक स्वतःपुरता कीटक नसतो, संतांचं बोट दुसरीकडे दाखवत असतं. सर्पेलबाईंचे डास डासच राहतात. त्यांना भूक आहे, अंडी घालायला रक्त लागतं, आणि ते हे लपवत नाहीत. वाचताना मला त्याची सवय व्हायला वेळ लागला, कारण प्राणी बोलू लागला की आपण लगेच तात्पर्य शोधतो, आणि इथं तात्पर्य मिळेना.

बाभूळबन यांच्याशी माझा एवढाच मतभेद आहे. माणसाची गोष्ट माणसानं सांगावी हे खरं, पण कुठल्या माणसानं? या कादंबरीच्या आरंभी एक गोरा प्रवासी स्वतः बोलतो. तो मोठ्या तोऱ्यात सांगतो, आणि त्याच्या हातून घडलेल्या एका क्षुल्लक प्रसंगापासून तीन घरांचे हाल सुरू होतात, हे त्याला कळतही नाही. डासांना कळतं.

सर्किट२२

(शेवटाबद्दल लिहितोय. पुस्तक संपलं नसेल तर माझा प्रतिसाद सोडा.)

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथं सगळे मोठे आहेत, पण एक मुद्दा राहिला म्हणून लिहितो.

शेवटच्या भागात माथाचा नातू जेकब (नाशिकचा नव्हे) डासाएवढे उडणारे ड्रोन बनवतो. त्यांचा थवा होतो, आणि सुई टोचल्यासारखं ते माणसांना लस टोचतात, कुणाला न विचारता. आणि अगदी शेवटी हा 'आम्ही' आपल्यालाच विचारतो की आम्ही नेमके कोण, खरे डास की ती यंत्रं? उत्तर त्यांनाही ठाऊक नाही. मी तिथं पुस्तक मिटलं आणि पहिल्या पानावरची गुणगुण पुन्हा वाचली. तोच आवाज आता मोटारीचा वाटला.

थव्यातल्या ड्रोनला पूर्ण नकाशा देत नाहीत. शेजारच्यापासून एवढं अंतर ठेव, त्याच्या दिशेनं वळ, आदळू नकोस, असे दोन-तीन नियम असतात. तरी लांबून बघितलं तर सगळा थवा एका मनाचा वाटतो. ताईंनी 'आम्ही'बद्दल जे लिहिलंय ते आम्ही प्रयोगशाळेत याच शब्दांत शिकतो, म्हणून मला ते फार आवडलं. आणि नियम पाळताना प्रत्येकाची थोडी-थोडी चूक होते. ती चूक साठत जाते, त्याला आम्हीही ड्रिफ्टच म्हणतो. सेन्सर दर सेकंदाला किंचित चुकतो आणि अर्ध्या तासानं यंत्र भलतीकडे असतं. या कादंबरीत सगळ्या मोठ्या गोष्टी अशाच घडतात. कुणीतरी रागात कुणाच्या तरी डोक्यावर मारतं, आणि शंभर वर्षांनी करिबा धरणावरचा अनर्थ.

ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. एचआयव्हीची लस डासासारख्या यंत्रानं टोचणं, हे तुम्हाला कसं वाटलं? मला वाचताना ते भारी वाटलं आणि नंतर भीती वाटली.

काचपट्टी

सर्किट, मी शेवट वाचलाय, त्यामुळे बिनधास्त उत्तर देते. (हाही परिच्छेद शेवटाबद्दल आहे.)

खरा डास एचआयव्ही पसरवत नाही. तो विषाणू डासाच्या पोटात टिकत नाही, पचून जातो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे मी गावागावांत समजावत फिरले आहे, कारण बाधित माणसाच्या खाटेजवळ लोक झोपेनात, डास चावेल म्हणून. एका बाईचं अंथरूण घरच्यांनी गोठ्यात टाकलं होतं. मी त्या घरात मुद्दाम तिच्या खाटेवर बसून चहा घेतला. त्यामुळे शेवटी तोच डास, किंवा डासाचं यंत्र, त्या रोगावरची लस घेऊन येतो तेव्हा माझे डोळे भरून आले. पण न विचारता टोचणं मला मान्य नाही. आम्ही बोट टोचायचो तेही आधी विचारून. माडिया येत नसेल तर दुभाषा घेऊन. लहान मूल असेल तर आईला विचारून. कादंबरीही ते बरोबर आहे असं म्हणत नाही, असं माझं वाचन.

काचपट्टी

काल दुसरी बैठक झाली. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगते.

यावेळी आम्ही ज्यांच्या घरी होतो त्यांच्या गॅलरीत उन्हाळ्यापासूनचा कूलर तसाच उभा होता. पाऊस थांबून आठवडा झालेला. सवयीनं मी टाकीत डोकावले. पाणी होतं, आणि अळ्या वळवळत होत्या. घरच्या ताई ओशाळल्या. मी म्हटलं, राहू द्या, मला एक पांढरी वाटी द्या. वाटीत पाणी घेतलं आणि सगळ्यांमध्ये फिरवली. आठपैकी सहा जणींनी डासाची अळी कधी नीट बघितलीच नव्हती. मी दाखवलं की या पृष्ठभागाला तिरक्या, डोकं खाली करून लोंबतात, म्हणजे या हिवतापाच्या नाहीत, बहुधा डेंग्यूवाल्या. हिवतापाच्या पाण्याला समांतर, आडव्या पडून तरंगतात. स्वच्छ, संथ पाण्यात जास्त, नाल्याच्या काठाला, भाताच्या बांधीत.

मग मी वाचायला घेतलं. सुरुवातीची ती गुणगुण छापलेली अक्षरं कशी म्हणायची हे मला घरी जमलं नव्हतं. दात मिटून नुसता श्वास सोडला आणि आवाज आला. खोली गप्प झाली. तीन प्रकरणांमागचे डास वाचले. मध्येमध्ये मराठीत सांगत गेले. लिव्हिंगस्टन आल्यावर नाशिकच्या जेकबचं सांगितलं, करिबा आल्यावर करंड्यातल्या मातीचं. शीर्षकाचा 'जुना उतार' सगळ्यांना एकदम पटला, आता आम्ही पुस्तकाला तेच म्हणतो.

म्हातारीचंही सांगितलं. ज्या मैत्रिणीनं पहिल्या बैठकीत 'त्याच्या तोंडी गोष्ट द्यायचीच कशाला' विचारलं होतं, तिनं विचारलं, "बारा दिवस जगली नाही तर?" मी म्हटलं, तर गोष्ट तिच्याबरोबरच जाते, ताप पुढे जात नाही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग तुझं सगळं काम तिला बारा दिवस जगू न देण्याचंच होतं." होतं. फवारणी तेवढ्यासाठीच असते. भिंतीवर बसलेली मादी नवव्या दिवशी मेली तरी पुरतं. हे मी इतकी वर्षं केलं आणि त्याकडे अशा रीतीनं कधी बघितलं नव्हतं.

मग मी त्या चार वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. गटात पहिल्यांदाच. नाव सांगितलं, जे इथं लिहिणार नाही. थव्याच्या आवाजावरचा माझा राग गेलेला नाही, हेही सांगितलं. मैत्रीण म्हणाली, जाऊ नये. तिनं गाळलेली सगळी पानं ती आता पहिल्यापासून वाचणार आहे, आणि उरलेलं शेवटचं प्रकरण तीच मोठ्यानं वाचते म्हणाली.

तिनं चष्मा शोधेपर्यंत मी गॅलरीत गेले. कूलरची टाकी आडवी करून रिकामी केली, आतल्या कडांना चिकटलेली अंडी निघावीत म्हणून घासणीनं घासली, आणि वाटीतलं पाणी तापलेल्या फरशीवर ओतलं. आतून तिनं हाक मारली, "ये गं, सुरू करतेय."